अणुधोरणावर चर्चा घडवायची असेल तर

‘अणुऊर्जा हवी की नको?’ असा विषय फळ्यावर लिहिलात की चर्चा दहा मिनिटांत संपते. एका बाजूने ‘देश पुढे जायला नको का?’, दुसऱ्या बाजूने ‘चेर्नोबिल विसरलात का?’. मग आवाज चढतात, चहा येतो आणि माणसं आली तशी घरी जातात. भट्ट्या कुठे बांधायच्या, बॉम्ब कोणत्या नियमाने ठेवायचा, हे निर्णय आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने होतात. त्यावर इतकं वरवर बोलून उठणं मला पटत नाही. म्हणून आम्ही इकडे चर्चा कशी बसवली ते लिहितो. सिन्नरला, मालेगावला, कुठेही कुणाला उपयोगी पडावं.

मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कंट्रोल रूमच्या शिफ्टमध्ये. आता नाशिक रोडला आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी गट बसतो. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले, देवळालीचे माजी सैनिक, निफाडकडचे शेतकरी, कॉलेजची मुलंमुली, आणि दोन काकू, ज्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचून येतात. अशा मिश्र गटालाच ही पद्धत लागू पडते. सगळे एका मताचे असतील तर तुम्हाला चर्चेची गरज नाही.

तारीख आणि विषय

११ मे आणि ६ ऑगस्ट या दोन तारखांच्या आसपास बैठक ठेवू नका. पहिली १९९८च्या पोखरण चाचणीची, दुसरी हिरोशिमाची. एका दिवशी लोकांच्या मनात अभिमान दाटलेला असतो, दुसऱ्या दिवशी दुःख. दोन्ही खरे आहेत, पण त्या आठवड्यात फोनवर आलेले मेसेज वाचून माणसं आधीच पेटलेली असतात आणि आकड्यांकडे कुणी बघत नाही.

विषय कापून घ्या. एका बैठकीला एकच प्रश्न. विजेसाठी किती भट्ट्या, कोणत्या आणि कुठे, हा एक प्रश्न. अपघात झाला तर भरपाई कोण देणार आणि देखरेख कुणाची, हा दुसरा. अण्वस्त्रं आहेतच, तर ती कधी वापरायची आणि कधी नाही, हा तिसरा. विजेच्या बैठकीत कुणी पाकिस्तान काढला तर त्याला थांबवा. मुद्दा वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि ज्या बैठकीचा आहे तिथे त्याला पहिली संधी द्या. माणसाचा मुद्दा लिहिला गेला की तो शांत बसतो.

विजेची बैठक: आधी एकलहरे, मग तारापूर

आकडे दिल्लीपासून सुरू केले तर डोक्यावरून जातात. जे चिमणीचं तोंड लोकांनी रेल्वेतून पाहिलंय तिथून सुरू करा. एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच. त्यातला एक संच पूर्ण भारावर दिवसभर चालला तर ५० लाख युनिटच्या थोडी वर वीज होते. एका युनिटला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे दिवसाला साडेतीन हजार टन. मालगाडीचा जवळजवळ एक अख्खा रेक. आपल्या कोळशात राख तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे रोज हजार टनांच्या वर राख एका संचातून निघणार. ती राख मी पाहिली आहे. ओली करून पाइपातून बंधाऱ्याकडे सोडायची, उन्हाळ्यात वारा सुटला की वरचा थर वाळून उडायचा, आणि आसपासच्या गावांतले लोक वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे.

आता तेवढीच वीज अणुभट्टीतून घ्यायची तर? गुजरातेत काक्रापारला आपल्या बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्या आहेत, त्या प्रकारच्या भट्टीला २१० मेगावॅटसाठी रोज शंभर किलोच्या आतबाहेर नैसर्गिक युरेनियम पुरतं. साडेतीन हजार टन एकीकडे, शंभर किलो दुसरीकडे. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिले की खोली गप्प होते. तिथेच थांबू मात्र नका. लगेच तिसरा आकडा मागा: त्या शंभर किलोचं पुढे काय होतं? जळालेल्या इंधनाची किरणं माणसाच्या कितीतरी पिढ्यांना पुरून उरतात. भारत ते इंधन फेकत नाही, त्यातून प्लुटोनियम (भट्टीत तयार होणारं, पुन्हा इंधन म्हणून आणि बॉम्बसाठीही चालणारं मूलद्रव्य) वेगळं काढतो, आणि उरलेला अतितीव्र कचरा काचेत बंद करून ठेवतो. राख डोळ्यांना दिसते, हा कचरा दिसत नाही. दोघांचा हिशेब एकाच बैठकीत व्हायला हवा, निम्मा हिशेब करून उठायचं नाही.

क्षमता आणि निर्मिती यांतला फरक कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला रोज दिसतो, बाहेर तो कुणी सांगत नाही. १००० मेगावॅटचा अणुसंच वर्षात ८० टक्के चालला तर ७०० कोटी युनिट देतो. १००० मेगावॅटची सौर योजना २० टक्क्यांनी धरली तर १७५ कोटी. म्हणून ‘एवढ्या मेगावॅटची सौर योजना झाली, आता अणू कशाला’ हा युक्तिवाद मेगावॅटवर करू देऊ नका, युनिटवर करायला लावा. उलट बाजूनेही तेवढंच कडक राहा. सौर विजेचे लिलाव तीन रुपयांच्या खाली गेलेत आणि सौर योजना लवकर उभी राहते. अणुभट्टीला मात्र कागदावरच्या मुदतीपेक्षा किती जास्त वर्षं लागली हे प्रत्येक प्रकल्पाच्या बाबतीत विचारावं लागतं. तमिळनाडूतल्या कुडनकुलमचा पहिला संच १९८८च्या करारातून आला आणि त्याची व्यावसायिक वीज सुरू झाली २०१४च्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी सातला नाशकातल्या प्रत्येक घरात दिवा, पंखा, मिक्सर एकदम सुरू होतो, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्या वेळची वीज कुठून आणि साठवायची तर केवढ्याला, हा प्रश्न सौरवाल्यांना विचारा. तुमची भट्टी नक्की कुठल्या वर्षी सुरू होणार, हा अणूवाल्यांना.

देशाचा आकडा सांगून ठेवा म्हणजे प्रमाण कळतं. आपली अणुवीज क्षमता आज नऊ हजार मेगावॅटच्या आत आहे आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटचं लक्ष्य सांगितलं गेलं, आणि छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २० हजार कोटी. म्हणजे अकरा पटींहून जास्त वाढ. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या. तिथपासून आजवर जेवढं उभं राहिलं, त्याच्या दहापट पुढच्या वीस-बावीस वर्षांत उभं करायचं आहे. हे झेपेल का, यावर खरी चर्चा होते. आमच्याकडे ती दुपारच्या जेवणापर्यंत लांबली होती.

भीतीचं काय करायचं

किरणोत्साराचं नाव काढलं की काही जण बोलायचेच थांबतात. त्यांना भाषण देऊ नका, लासलगावला घेऊन जा, निदान तिथली माहिती तरी द्या. कांदा आपल्या जिल्ह्याचा, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून लासलगावात आहे. कोबाल्ट-६० या मूलद्रव्याचे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला कोंब फुटत नाही. मात्रा ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला तोही याच केंद्रात विकिरण करून. किरण लागलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे तिथे कळतं. कोबाल्ट-६० मात्र अणुभट्टीतच तयार होतं, हेही कळतं.

आमच्या गटातल्या निफाडच्या एका शेतकऱ्याने यावर विचारलं, “कोंब थांबला, पण भाव पडायचा थांबला का? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाच्या अंगावर?” प्रश्न रास्त आहे. तंत्र चाललं म्हणून धोरण चाललं असं होत नाही. पुढे भट्ट्यांबद्दल बोलताना याच शेतकऱ्याचा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा घेतला.

किरणोत्साराच्या बातम्या वाचताना एकक बघायला शिकवा. माणसाला किती किरण लागले ते सिव्हर्टमध्ये मोजतात. मिलिसिव्हर्ट आणि मायक्रोसिव्हर्टमध्ये हजारपटींचा फरक आहे आणि बातमीत तो एका अक्षरात हरवतो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळच्या करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर, मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे, त्याहून बरेच जास्त. अणुकेंद्रामुळे सामान्य माणसाला त्यावर वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये ही आपल्याकडची मर्यादा. हे कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या. ज्याला भीती वाटते त्याची भीती खोटी ठरवायला नव्हे, तर त्याला नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून.

जैतापूर: ज्याच्या दारात, त्याला आधी बोलू द्या

नाशकात कोकणातली माणसं भरपूर. राजापूर, देवगडकडचं कुणी मिळालं तर त्यांना बोलवा आणि आकडे निघायच्या आधी बोलू द्या. मधे कुणी बोलायचं नाही. जैतापूरला १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, असा बेत आहे. माडबनची जमीन त्यासाठी घेतली गेली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र जमिनीचा नव्हता. भट्टी थंड करून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी किनाऱ्यापासून लांब जाईल का, आणि संरक्षित पट्ट्यात होड्या नेता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. जमिनीचा मोबदला वाढवून तो सुटत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, पुढच्याच महिन्यात नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. हे सांगितल्याशिवाय जैतापूरवर बोलायला बसू नका. आमच्याकडे आलेल्या वहिनींनी फक्त आपल्या सासऱ्यांची होडी कुठे लागते, कुठल्या महिन्यात कुठली मासळी येते एवढंच सांगितलं. त्यानंतर ‘विकासाला विरोध करतात’ हे वाक्य त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

दुसरी बाजूही पूर्ण मांडा. कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये केंद्र चालू करायला परवानगी दिली आणि सोबत सुरक्षेच्या अटी घातल्या. त्या निकालातली अटींची यादी काढून वाचा, वादाला भक्कम जमीन मिळते.

भरपाई आणि देखरेख

ही बैठक लोकांना कोरडी वाटते, म्हणून भोपाळपासून सुरू करा. २०१० चा अणुदायित्व कायदा झाला तेव्हा संसदेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे भोपाळ होतं. त्यात भट्टी चालवणाऱ्यावर १५०० कोटींपर्यंत जबाबदारी टाकली होती, आणि १७(ब) या कलमाने सदोष सामान पुरवणाऱ्याकडून ते पैसे वसूल करण्याचा हक्क दिला होता. या एका कलमामुळे परदेशी कंपन्या पुढे यायला तयार नव्हत्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा हा कायदा दोन्ही गेले, खासगी कंपन्यांना वीजनिर्मितीत वाट मिळाली, पुरवठादारावरचं ते कलम राहिलं नाही, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला.

या शेवटच्या गोष्टीची मागणी जुनी आहे. नियामक मंडळ १९८३ पासून आहे, पण त्याला स्वतःचा कायदा नव्हता, आणि २०१२ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने आपल्या अहवालात त्यावरच बोट ठेवलं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच घरात राहून लक्ष ठेवता येतं का, हा मुद्दा. आम्ही दोन कायदे शेजारी ठेवून दोन गट केले. ज्यांना नवा कायदा पटला त्यांनी जुन्या कायद्याची बाजू मांडायची, आणि उलट. माझं मत विचाराल तर: अणुवीज वाढावी, पण पुरवठादाराला मोकळं सोडून नाही. आमच्याकडे बॉयलरचा एक व्हॉल्व्ह सदोष निघाला तरी कुणी पुरवला याची चौकशी व्हायची. मी हे मत बैठकीत शेवटी सांगतो, आधी नाही. चालवणाऱ्याने आधी मत दिलं की निम्मे लोक त्याच्याच बाजूने बोलायला लागतात.

अण्वस्त्रांची बैठक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या आणि सगळ्यात कमी कागद. एकच कागद पुरतो: ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने जाहीर केलेलं अण्वस्त्र धोरण. जेमतेम पानभर. मोठ्याने, एकेक वाक्य थांबून वाचा. आपण पहिला वापर करणार नाही. आपल्या भूमीवर किंवा कुठेही आपल्या सैन्यावर अण्वस्त्राचा हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि असह्य नुकसान करणारं असेल. त्याचा हुकूम फक्त नागरी राजकीय नेतृत्वच देऊ शकेल. ज्यांच्याकडे अण्वस्त्रं नाहीत त्यांच्यावर वापर नाही. आणि एक अपवाद: जैविक किंवा रासायनिक अस्त्रांचा मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवतो. हा अपवाद वाचला की हमखास कुणीतरी म्हणतं, “हे यात आहे हे माहीतच नव्हतं.”

मग वाद कुठे आहे ते दाखवा. चीनने १९६४ पासून पहिला वापर न करण्याचं वचन दिलं आहे, पाकिस्तानने ते कधीच दिलेलं नाही. २०१६ मध्ये संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी स्वतःला असं बांधून का घ्यायचं असं विचारलं, आणि ते आपलं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की आजवर हेच धोरण आहे, पुढचं परिस्थितीवर ठरेल. लेखी धोरण बदललेलं नाही. जगातल्या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा २०२५च्या जानेवारीचा अंदाज भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७०, चीनकडे ६०० अण्वस्त्रं असा आहे. हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे, हे फळ्यावरच लिहा.

इथे एक नियम कडक पाळतो. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं. देवळालीचे एक सुभेदार साहेब म्हणाले, “आधी मार खायचा आणि मग उठायचं, हे सैनिकाला सांगायला सोपं नाही.” समोर एचपीटी कॉलेजची मुलगी होती. ती म्हणाली, “साहेब, तुमचं म्हणणं मी सांगते, चुकलं तर थांबवा. पहिला घाव सोसायची तयारी आपण लाखो लोकांच्या जिवावर दाखवतो, आणि शत्रूला ते आधीच सांगून टाकतो.” सुभेदार म्हणाले, “बरोबर.” मग ती म्हणाली, “आपण पहिला वापर करू शकतो असं म्हटलं, तर समोरचा प्रत्येक तणावात घाईने बटणाकडे हात नेईल. आत्ता त्याला थांबायला वेळ आहे.” यावर साहेब बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “वेळ मिळतो हे खरं.” दोघांपैकी कुणाचंच मत बदललं नाही. पण दुसऱ्याची भीती कशाची आहे ते दोघांनी ऐकलं.

वीज आणि शस्त्र यांचा सांधा याच बैठकीत घ्या. ‘प्रत्येक भट्टी म्हणजे बॉम्बचा कारखाना’ हे चूक आहे. विजेच्या भट्टीत युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा भाग, नैसर्गिक ०.७ टक्के किंवा तीन-पाच टक्के असतं, बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास लागतं, त्यामुळे भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. ‘दोन्हींचा काही संबंध नाही’ हेही चूक. १८ मे १९७४च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं. ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती, जड पाणी अमेरिकेने. त्यातून जगाने आपल्यावर निर्बंध आणले. २००८च्या अमेरिकेबरोबरच्या करारासाठी भारताने आपली केंद्रं वेगळी केली आणि १४ भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं मान्य केलं. २२ जुलै २००८ रोजी याच करारावरून सरकारने लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ अशा मतांनी विश्वास मिळवला. त्या चर्चेचं इतिवृत्त लोकसभेच्या संकेतस्थळावर आहे. त्यातली दोन भाषणं, एक बाजूचं आणि एक विरोधातलं, मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, “हे बोललेलं चालतं ना?” चालतं. धोरणाचा कागद, संसदेतली भाषणं, कॅगचे अहवाल, न्यायालयाचे निकाल हे सगळं जाहीर आहे. अस्त्रं कुठे ठेवली आहेत हे विचारायची आपल्याला गरजही नाही. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, १९८८च्या करारानुसार, युद्ध झालं तरी त्यांवर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिलच्या वर्षानंतरही ही देवाणघेवाण थांबली नाही. हे ऐकून माजी सैनिकही पुढे सरकून बसतात.

बैठक उठल्यावर

मतदान घेऊ नका. दोन्ही बाजूंना मान्य असलेली विधानं एका पानावर लिहा, न सुटलेले प्रश्न दुसऱ्यावर. दुसऱ्या पानातला एक प्रश्न निवडून आपल्या खासदारांना पत्राने पाठवा आणि संसदेत विचारा असं लिहा. ‘सरकारचं धोरण काय?’ असं विचारलं तर धोरणाचाच परिच्छेद उत्तर म्हणून परत येतो. आकडा मागा, तारीख मागा. आमच्या गटाने शेवटी ठरवलेला प्रश्न असा होता: जैतापूर प्रकल्पाच्या कोमट पाण्याचा मासेमारीवर होणारा परिणाम कोणत्या संस्थेने, कोणत्या वर्षी तपासला, आणि तो अहवाल मराठीत कुठे वाचायला मिळेल?